थोरल्याच्या अंगाचा कोट

धाकट्याने कोट अंगात चढवला आणि हात खाली सोडले, तर बाह्यांनी त्याची बोटं पार गिळून टाकली.

काकांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. वहिनीने आधी कोटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आत्या तेवढी कुठेच पाहत नव्हती. ती खिडकीपाशी खुर्चीत बसून सुईत दोरा ओवत होती, आणि त्या घटकेला दोरा ओवायचं तिला काहीएक कारण नव्हतं.

लग्न परवावर आलेलं. रविवार असल्यामुळे खाली दुकान बंद, आणि वरच्या मोठ्या खोलीत, उंच आरशापुढे, नवरदेवाचा कोट बघायला घरचे जमलेले. घरचे म्हणजे तरी कोण? मास्तर, म्हणजे टेलरमास्तर, ज्यांना सगळा रस्ता याच नावाने ओळखे. त्यांची बायको, म्हणजे वहिनी. नवरदेव तो त्यांचा धाकटा मुलगा. कापडाच्या वखारीत व्यवस्थापक असलेला त्यांचा लहान भाऊ, म्हणजे काका. आणि दोघा भावांमधली बहीण, जिला भाच्यांमुळे सगळं घर आत्या म्हणू लागलं ते इतकं, की आता तिचे सख्खे भाऊही तिला आत्याच म्हणत. ती कधीच्या काळी महिनाभर माहेरपणाला म्हणून आली होती. त्या महिन्याची पुढे तीस वर्षं झाली. दुकानातली काजं आणि हातशिलाई तेव्हापासून तिच्याकडे.

कोट चुकला होता. थोडाथोडका नाही, भलताच चुकला होता. खांद्याची शिवण खांद्यावरून घसरून दंडावर आली होती, खिसे मांडीकडे निघाले होते, आणि आरशातला नवरदेव शाळेच्या नाटकात बापाचा कोट घालून उभ्या राहिलेल्या पोरासारखा दिसत होता.

"दादा," काकांनी कप खाली ठेवला, "जरा सैल वाटतोय का रे?"

"जरा?" धाकटा म्हणाला.

मास्तर पुढे झाले. त्यांनी पाठीचं कापड चिमटीत धरलं, सोडलं, कॉलर ओढली, दुसऱ्या कुठल्यातरी शिंप्याचं काम तपासावं तसं. "ताणलं असेल. इस्त्रीत ताणतं हे कापड."

"कापड ताणलं तर बोटभर ताणेल," काका म्हणाले. "यात अजून एक माणूस मावतोय."

ते बोलून गेले आणि लगेच कपाकडे बघायला लागले.

आता यात कुणालाही वाटेल की कच्च्या शिलाईवर एकदा घालून बघितलं असतं तर हा घोळ झालाच नसता. गिऱ्हाइकाचं तसंच होई. कच्ची शिलाई, ट्रायल, खडूच्या खुणा, नखरेल गिऱ्हाईक असेल तर पुन्हा ट्रायल. पण मास्तरांचा दंडक असा होता की घरच्या माणसाला ट्रायल नसते. ट्रायल नाही, टेप नाही, कागद नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीवर गावातल्या निम्म्या पुरुषांची अंगं खाकी कागदात कापून खुंट्यांना टांगलेली होती. गिऱ्हाईक वारलं की मास्तर त्याचा कागद उतरवत आणि त्यातून खिशांचे नमुने कापत. घरच्यांचेही कागद तिथे होते, पण ते नावाला. मास्तर कापड पसरत, डोळे बारीक करत आणि खडू चालवत. "स्वतःच्या पोराचं माप घ्यावं लागलं, तर कात्री ठेवून द्यावी माणसाने," असं ते छाती फुगवून सांगत. आणि आजवर खरोखरच एक टाका इकडचा तिकडे झाला नव्हता. त्यामुळे हा कोट आला तो पूर्ण होऊनच आला. अस्तर, कॉलर, इस्त्री, काजं, सगळं झालेलं.

काजं आत्याने केली होती. आणि आत्याला ठाऊक होतं.

कोट तिच्याकडे आला तेव्हा तिने तो नेहमीसारखा मांडीवर घेतला, पाठीवरून हात फिरवला, आणि तिचा हात खांद्यापाशी थांबला. इतकी वर्षं मांडीवर कोट घेणाऱ्या बाईला कापडातला माणूस कळतो. हा धाकटा नव्हता. धाकटा बारीक चणीचा. हे रुंद खांदे, हे लांब हात, छातीचा हा उठाव, असा माणूस या घरात एकच. तिने तेव्हाच उठून खाली जायला हवं होतं. "दादा, अरे काय केलंस हे?" एवढंच म्हणायला हवं होतं. ती उठली नाही. तिने दार लोटून घेतलं, आणि एक काज करायला इतर वेळी जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ लावून ती काजं करत बसली.

"हा त्याचा आहे," वहिनी म्हणाली.

कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

मास्तरांचा थोरला मुलगा कटिंगच्या टेबलाखाली लहानाचा मोठा झाला होता. चिंध्यांच्या ढिगात झोपायचा, खडू खायचा, गिऱ्हाइकांच्या बुटांवरून माणसं ओळखायचा. जरा कळता झाल्यावर त्याने आत्याच्या रिळांना अस्तराच्या तुकड्यांच्या छत्र्या बांधून ती गच्चीवरून खाली सोडायला सुरुवात केली. एक रीळ समोरच्या औषधवाल्याच्या टकलावर उतरलं. औषधवाला तणतणत वर आला, तेव्हा हा शहाणा त्याला म्हणाला, "पण किती हळू उतरलं बघितलंत ना?" आत्याने त्याला एक धपाटा घातला आणि मग पाठ फिरवून हसू आवरलं. काज करायला तो तिच्याकडूनच शिकला आणि वर्षभरात तिच्यापेक्षा सुबक करायला लागला. मास्तर ते काज भिंगाखाली धरत आणि काही बोलत नसत. मास्तर काही बोलले नाहीत म्हणजे ती पावती. आपल्यामागे कात्री कुणाच्या हातात जाणार याची चिंता त्या माणसाने कधी केलीच नाही.

मग लढाई सुरू झाली. गावाबाहेरच्या माळावर विमानं उतरू लागली, आणि थोरला तोंडात टाचण्या धरून गच्चीवर पळू लागला. गिऱ्हाईक खाली अर्ध्या पँटीत उभं, आणि हा वर. हवाई दलात अर्ज केल्याचं त्याने आधी आत्याला सांगितलं. "तू सांग बाबांना," म्हणाला. "तू सांगितलंस की त्यांना राग अर्धाच येतो." आत्याने सांगितलं. राग पूर्ण आला. मास्तर कितीतरी दिवस बोलले नाहीत, आणि तो निघाला त्या सकाळी त्यांनी त्याच्या बॅगेवर नवा शर्ट ठेवला, ज्याचं माप अर्थातच घेतलेलं नव्हतं.

पहिल्या सुट्टीला तो गणवेशात आला. वहिनीचे डोळे भरून आले, रस्त्यावरची माणसं दुकानात डोकावली, आणि मास्तर म्हणाले, "काढ ते." सरकारी शिंपी गवत कापायच्या लायकीचा आहे, असं म्हणत त्यांनी तो आख्खा गणवेश उसवला आणि पोराला दुपारभर बनियनवर बसवून ठेवून पुन्हा शिवला. पुढच्या सुट्टीला थोरला आपल्याबरोबर चार मित्र घेऊन आला, चौघांचेही गणवेश ढगळ. त्या दिवशी वरच्या खोलीत बनियनवर बसलेले पाच वैमानिक चहा पीत होते आणि आत्या बटणं लावत होती. त्यातल्या एकाने तिला सांगितलं, "आमचे शिक्षक म्हणतात, याचा हात सगळ्यांत हलका. इतर सगळे विमान आवळून धरतात. हा धरतो ते मशीनखालून कापड सोडल्यासारखं." आत्याने ते वाक्य मास्तरांना सांगितलं. मास्तर काही बोलले नाहीत.

तेव्हा लढाई इतकी माणसं खात होती की वैमानिकांचं शिक्षण निम्म्यावर आणलं होतं. शेवटच्या सरावांपैकी एक असा होता: एकट्याने उडायचं, समुद्राच्या काठाकाठाने जायचं, दीपगृहावरून वळायचं आणि परत यायचं. थोरला गेला. धुकं आलं. त्याच्यामागून निघालेली दोघं अर्ध्यातून परतली. तो दीपगृहावरून वळला हे तिथल्या माणसाने आवाजावरून सांगितलं, आणि त्यापुढे कुणालाच काही सांगता आलं नाही. होड्या शोधत राहिल्या. काही सापडलं नाही, एक फळकूटही नाही.

बातमी घेऊन आलेला अधिकारी टोपी काखेत धरून जिना चढून वर आला, तेव्हा आत्या एकटीच होती. तिला वाटलं गिऱ्हाईक आहे. "बसा ना," ती म्हणाली, "ट्रायलला आलात का?" त्या प्रश्नाची तिला आजही रात्री-अपरात्री लाज वाटे.

बेपत्ता, असं त्या माणसाने सांगितलं होतं, आणि घराने तोच शब्द धरून ठेवला. चौकात लढाईत पडलेल्यांच्या नावांचा दगड उभा राहिला, त्यावर थोरल्याचं नाव आलं नाही, कारण तो लढाईत पडला नव्हता. काका त्यावरून कचेरीत भांडून आले. वहिनी म्हणाली, "बरं झालं. नाही आलं तेच बरं." तिने त्याच्या खाटेवरची चादर बदलणं थांबवलं नाही. आत्या तिला चादरीची दुसरी बाजू धरू लागे. आठ वर्षं दोघी ते करत आल्या होत्या आणि त्याबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आत्याला तो हवा होता. त्यात दुसरं काही नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढणारा कुणीही असला, समोरच्या औषधवाल्याचा नातू असला, तरी तिची सुई थांबायची.

"मी सांगतो काय झालं," काका उठले. काकांना काही झालं की सांगायचं असे, वखारीतली सवय. "दादाने खुंटीवरून चुकून त्याचा कागद काढला. शेजारी-शेजारी तर आहेत. होतं माणसाकडून. वय झालं."

"मी कागद काढलाच नाही," मास्तर म्हणाले.

"अरे, लक्षात नसेल."

"घरच्यांना मी कागद घेत नाही."

काका ऐकणाऱ्यांपैकी नव्हते. ते खाली गेले आणि थोरल्याचा कागद घेऊन आले. आठ वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. खुंटीच्या जागी तो पिवळा पडला होता. काकांनी धाकट्याला पाठमोरं उभं केलं आणि तो कागद त्याच्या पाठीवर, कोटावर, धरला. "हे बघा. बरोबर..." आणि ते थांबले.

कागद पुरत नव्हता. दोन्ही खांद्यांशी कोट कागदाच्या बाहेर आला होता, बगलेखालीही. काकांनी कागद सरकवून बघितला, उलटा करून बघितला.

"हाही नाही," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज उतरला होता. "मग हा आहे तरी कुणाचा?"

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. त्यांनाही ते तेव्हाच दिसत होतं, असं आत्याला वाटलं. ते बोलले ते गिऱ्हाइकाला समजावून सांगतात त्या आवाजात.

"बाविसाव्या वर्षी माणूस भरलेला नसतो. छाती भरते ती तिशीपर्यंत. आपल्या घरात सगळ्यांची तिशीतच भरली. माझी, तुझी. पाठही थोडी रुंदावते." एवढं बोलून ते थांबले. मग खुर्ची शोधून तिच्यावर बसले.

थोरला आता तीस वर्षांचा असता.

म्हणजे हा बाप गेली आठ वर्षं काही बोलला नव्हता, चादरीला हात लावत नव्हता, दगडावरून भांडला नव्हता, आणि मनातल्या मनात आपल्या पोराला दरवर्षी थोडा थोडा मोठा करत आला होता. आत्याने मांडीवर घेतला होता तो तिशीतला माणूस. तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. किती भरलाय, असं तिच्या मनात आलं होतं.

वहिनी धाकट्याजवळ गेली. तिने बाहीवर हात ठेवला, मग खांद्यावर, शिवणीवर. "एवढा झाला असता?"

धाकटा कोट काढायला लागला होता.

"थांब," ती म्हणाली. "जरासा थांब. काढू नकोस."

तो थांबला. कॉलरमधून त्याची बारीक मान वर आली होती आणि हात बाह्यांत बुडाले होते. वहिनी त्याच्या छातीवरून हात फिरवत राहिली, कापड सारखं करत. आत्याला आरशात त्याचं तोंड दिसत होतं.

"आई," तो अखेर म्हणाला, "आत मी आहे."

वहिनीने हात काढून घेतला.

"चला," काका मध्ये पडले, "झालं ते झालं. यावर उपाय आहे. खांदे उतरवा, बाह्या काढा, बगलेत आत घ्या, बटणं सरकवा. आजची रात्र आणि उद्याचा दिवस आहे. मी सांगतो, ओळखू येणार नाही."

"त्याला कात्री लावायची नाही," वहिनी म्हणाली.

"अहो वहिनी, मग मुलगा घालणार काय? तागा संपला. ती गिरणीच बंद झाली, हे कापड आता औषधाला मिळायचं नाही. की स्टेशनरोडवरून तयार कोट आणू? मास्तरांचा मुलगा तयार कोटात?"

"तयार काही नको. त्याचा ऑफिसचा आहे ना, करडा? चांगला आहे. हा राहू दे. मी कपाटात ठेवीन."

"लग्नात करडा?"

"लग्न माणसाचं असतं, कोटाचं नसतं."

"हे तुम्ही इतर वेळी म्हटलं असतंत का? शेजारचा लग्नाला साध्या कपड्यांत आला होता तेव्हा सहा महिने त्याच्या पाटलोणीवर बोलत होतात."

मास्तर हाताच्या पंजाकडे बघत होते, उजव्या. आत्याला त्याक्षणी त्या भांडणात कुणाची बाजू घ्यावी कळेना. कोट आख्खा राहावा असं तिला वहिनीइतकंच वाटत होतं. त्यामुळेच ती गप्प होती.

"माझं कुणी ऐकणार आहे का?" धाकटा म्हणाला.

तो कधी आवाज चढवत नसे आणि आताही चढवला नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढणारा मुलगा. त्याचं सगळंच रेघेवर. लग्नानंतर आठ दिवसांत तो बदली घेऊन दूरच्या शहरात चालला होता. बदली त्याने मागून घेतली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याला का म्हणून विचारलं नव्हतं. "येत जाईन," असं तो म्हणे, पाहुणे दारात म्हणतात तसं.

"त्याच्या पँटी मला यायच्या, खालून दुमडून. त्याचे बूट यायचे, पुढे कागद कोंबून. तेव्हा मी काही म्हटलं नाही, सगळ्याच घरांत असतं. तो गेल्यावर त्याची खाट मला मिळाली नाही, मी खाली झोपलो. तेव्हाही काही म्हटलं नाही. मलाही तो हवा होता. मी अठराचा होतो, मला तर तोच पाहिजे होता." तो कोटाची बटणं काढत होता, एकेक, सावकाश. "पण मी आता सव्वीसचा आहे. तो जेवढा कधी झाला नाही तेवढा मी मोठा झालोय, चार वर्षांनी. आणि बाबांना कोट कापताना हाताखाली मी आलोच नाही."

त्याने कोट उतरवला, नीट घडी केली, आणि वहिनीच्या हातांवर ठेवला.

"ठेव कपाटात. काका म्हणतात तसं कापूबिपू नका. दुसऱ्याचं कापून केलेलं मी आता घालणार नाही. करडा बरा आहे. नवरी काही म्हणायची नाही, तिला मी कोटासकट पसंत पडलो नव्हतो." हसायचा प्रयत्न त्याने केला. मग तो जिन्याकडे निघाला.

आत्या उठली. तिच्या मांडीवरचं रीळ घरंगळत खाटेखाली गेलं.

हा आता जिना उतरेल, परवा लग्न करेल, हसतखेळत करेल, आठ दिवसांनी गाडीत बसेल, आणि मग येत जाईल. वर्षातून एकदा, मग दोन वर्षांतून. याला शोधायला होड्या पाठवाव्या लागणार नाहीत. याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असेल आणि तरीही हा कुणाला सापडणार नाही.

तिने वहिनीच्या हातातून कोट घेतला. वहिनीला काही कळायच्या आत घेतला.

"मला माहीत होतं," ती धाकट्याच्या पाठीला म्हणाली.

तो वळला.

"हातात घेतल्या-घेतल्या कळलं मला, तुझा नाही म्हणून. काजं करायच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

खोटं बोलायला जागा होती. म्हातारी झाले, नजर गेली, काहीही चाललं असतं. "मला तो मांडीवर हवा होता," आत्या म्हणाली. "चार दिवस होता. मी त्याच्याशी बोलत होते, वेड्यासारखी. तुझा विचार माझ्या मनात आला नाही. एकदाही आला नाही, हे तुला सांगते."

धाकटा जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मास्तरांनी मान वर केली होती.

आत्याने टेबलावरचं उसवायचं पातं उचललं. उसवणं या घरात तिचंच काम होतं.

"आत्या, नको," वहिनी मध्ये आली. "तुम्ही तरी नको. तुमच्या हातून नको हो."

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. चादरीची दोन टोकं धरून त्या अशाच उभ्या राहत.

"वहिनी, तो गेला," आत्या म्हणाली.

आठ वर्षांत हे या घरात कुणी बोललं नव्हतं. काकांनी तोंड फिरवलं. वहिनीचा चेहरा आधी तसाच राहिला, मग हळूहळू मोडला, आणि ती मागच्या खाटेवर बसली, त्याच्या खाटेवर, जिच्यावर कुणी बसत नसे. तिने आवाज केला नाही. आत्याला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण पातं हातात होतं आणि आता ते खाली ठेवलं असतं तर पुन्हा उचलवलं नसतं.

"तो मेला, वहिनी. त्याला आपण दोघी मिळून काय हवं ते करू. याचं परवा लग्न आहे."

तरीही तिला पातं लावता येईना. तिने मास्तरांकडे पाहिलं. कापड त्यांचं, कोट त्यांचा.

"दादा?"

मास्तर खुर्चीतून उठले. कोटापाशी आले. त्यांनी खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदा, मुंढ्यापासून कॉलरपर्यंत, आणि ते काम किती चोख उतरलं आहे हे त्या घटकेलाही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही, हे आत्याला दिसलं.

"खांद्यापासून घे," ते म्हणाले. "कापड ओढू नकोस."

ती पुन्हा खुर्चीत बसली आणि तिने पहिला टाका तोडला. नंतरचे सोपे गेले. बाही सुटून तिच्या मांडीवर पडली, नुसतं कापड, आणि आत्या रडायला लागली आणि रडत-रडत दुसरी बाही उसवू लागली.

"बाबा," धाकटा जिन्यातून म्हणाला, "मी सांगितलं ना, कापून केलेला मला नकोय."

"कापून नाही करत." मास्तर कपाट उघडून काहीतरी शोधत होते. खालच्या दुकानात गळ्यात असणारी टेप रविवारी वर नसे. वहिनीच्या शिवणाच्या डब्यात एक जुनी सापडली. "सगळा उसवतो. पुन्हा पहिल्यापासून कापतो. ये इकडे."

"कशाला?"

"माप द्यायला."

धाकटा हलला नाही. घरच्या माणसाला माप नसतं हे त्याला जन्मापासून पाठ होतं. काकाही बघत राहिले. मास्तर आरशापुढे टेप घेऊन उभे होते, गिऱ्हाईक येईपर्यंत उभे राहतात तसे, घाई न करता. मग तो एक पायरी चढून वर आला, आणि आरशासमोर जाऊन उभा राहिला. ताठ. छाती काढून, हनुवटी वर, माप देताना सगळेच पुरुष उभे राहतात तसा.

मास्तरांनी टेप त्याच्या पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत धरली. ती काढली. पुन्हा धरली. मग टेप सोडून दोन्ही खांद्यांवर दोन हात ठेवले.

"हा खांदा खाली आहे," ते म्हणाले.

"हो."

"डावा. बोटभर खाली आहे. कधीपासून?"

"शाळेपासून, बाबा."

मास्तरांचे हात तसेच राहिले. रस्त्यावरून चालणाऱ्या परक्या माणसाचा खांदा समोरच्या फुटपाथवरून ओळखणारा माणूस आपल्या मुलाच्या मागे उभा होता आणि आरशात त्याच्याकडे बघत होता. खाटेवरून वहिनीही उठून उभी राहिली होती आणि बघत होती. आत्याच्या हातातलं पातं थांबलं. धाकट्याने आरशातून बापाची नजर चुकवली आणि लहानपणापासून जे करत आला होता तेच केलं: डावा खांदा वर ओढून उजव्याच्या रेषेत आणला.

मास्तरांनी तो हलकेच दाबून खाली केला.

"नीट उभा राहू नकोस," ते म्हणाले. "तू उभा राहतोस तसा राहा."